नवरा घोरता घोरता मधेच गप्प होतो, त्याची भीती वाटते

वैशाली_पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे, हसू नका.

माझे मिस्टर, वय ४६, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिन्ही शिफ्ट फिरत्या. घोरणं लग्नापासूनचं आहे, त्याची सवय झाली. वरच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा सकाळी भेटल्या की 'काल साहेब लवकर झोपले वाटतं' म्हणतात, म्हणजे आवाज किती असेल बघा. पण गेल्या दिवाळीपासून माझं लक्ष भलतीकडेच गेलंय. जोरात घोरत असतात आणि एकदम गप्प. इतके गप्प की पंख्याची घरघर ऐकू येते. पोट-छाती हलताना दिसते, पण नाकाशी हात धरला तर वारा लागत नाही. मग एकदम आचका देतात, कूस बदलतात आणि पुन्हा सुरू. परवा मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसले. २२ सेकंद, १९, मग ३१. त्या ३१ ला मी घाबरून हलवलं, तर माझ्यावरच चिडले, 'किती गाढ झोप लागली होती!'

बीपीची एक गोळी होती, आता दोन झाल्या. शर्टाची कॉलर १७ नंबरची. मागच्या महिन्यात मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडीतच डुलकी लागली, मागचे हॉर्न वाजवत होते आणि हे मान खाली घालून. आम्ही महिन्यातून एकदा नणंदेकडे कल्याणला जातो, कसारा घाटातून. आता मी सगळा रस्ता त्यांच्याशी बोलत राहते.

डॉक्टरांना स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची शंका आहे. 'स्लीप स्टडी करून घ्या', म्हणजे झोपेतली तपासणी, असं लिहून दिलंय. हे म्हणतात, घोरणं म्हणजे गाढ झोपेची खूण, मला कशाला दवाखान्यात झोपवता. सासूबाई म्हणतात, 'त्याचे वडीलही अस्सेच घोरायचे, आणि शेवटी झोपेतच शांतपणे गेले.' सासरे ५८ व्या वर्षी गेले. सासूबाईंच्या दृष्टीने ते समाधानाचं मरण आहे. मला मात्र तेव्हापासून झोप नाही.

कोणी ही तपासणी केली आहे का? दवाखान्यात रात्र काढावीच लागते का? आणि यावर रात्री झोपताना लावायचं मशीन देतात, ते एकदा लागलं की जन्माचं, असं ऐकलंय, त्यापेक्षा ऑपरेशन करून मोकळं व्हावं का?

पंचवटीचा_पप्पू

ताई, रात्री झोपताना गाईचं तूप कोमट करून दोन-दोन थेंब नाकात. आमच्या आजोबांचं घोरणं बंद झालं. एवढ्यातेवढ्यावर मशिनी विकतात हल्ली.

द्राक्षवाला_दिंडोरी

पप्पूशेठ, तूप मीही घातलं. चांगलं वर्षभर. नाक अगदी स्वच्छ झालं, घोरणं तेवढंच. कारण अडचण नाकात नव्हतीच, घशात होती. पुढे सांगतो.

ताई, तुम्ही सेकंद मोजलेत हे फार बरं केलंत. ज्याला हा आजार असतो त्याला तो कळतच नाही. मला बायकोचं ऐकून कळलं नाही, ट्रॅक्टरने कळवलं. द्राक्षाची गोडी छाटणी होऊन महिना झाला होता, डावणी रोगाचे दिवस, पहाटे पाचला ब्लोअर जोडून फवारणीला निघालो. दुसऱ्याच ओळीत डोळा लागला. उघडला तेव्हा वाय अँगलचे तीन खांब आडवे आणि पुढचं चाक पाटात. मला खरचटलंसुद्धा नाही. पण फुटवे मोडले ते मोडलेच. सगळ्यांना सांगितलं की रात्री थ्री-फेजची लाइट असते, पाणी भरायला जागतो म्हणून झोप अपुरी. मलाही ते खरंच वाटायचं. नऊ तास झोपलो तरी सकाळी डोकं जड, तोंड कोरडं ठाक, आणि रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं. शुगर तपासली, नॉर्मल. प्रोस्टेट तपासलं, नॉर्मल.

शेवटी नाशिकला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आठ प्रश्नांचा कागद पुढे ठेवला. वाचताना झोप लागायची शक्यता किती, टीव्ही बघताना किती, दुपारी आडवं झाल्यावर किती, कोणाशी बसून बोलताना किती. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलात तर जरा बघायला हवं. मी बोलण्याच्या प्रश्नाला शून्य लिहिला. बायकोने पेन काढून घेतला आणि तीन केला. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी झोपलो होतो, ते तिने अजून माफ केलेलं नाही. एकूण १७ झाले.

तपासणी माझी घरीच झाली. संध्याकाळी एक मुलगा आला, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी, एवढं लावून गेला. सकाळी येऊन घेऊन गेला. रिपोर्ट आला: तासाला ४७ वेळा श्वास थांबलेला किंवा अडलेला. म्हणजे साधारण सव्वा मिनिटाला एकदा. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७१ पर्यंत. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या आधी तुम्ही बिघडलात.

आता हे होतं कसं, ते मला माझ्या भाषेत समजलं तसं सांगतो. विहिरीवर मोटर बसवताना सक्शनला कोणी लपेटा पाइप लावतं का? लावला तर मोटर ओढायला लागली की तो आतल्या आत चपटा होतो आणि पाणी बंद. तोच लपेटा पाइप डिलिव्हरीला लावा, मस्त गोल फुगून राहतो. कारण तिथे आतून दाब असतो. आपला घसा म्हणजे लपेटा पाइप. जागेपणी आजूबाजूचे स्नायू त्याला ताणून उघडा धरतात. झोपेत ते सैल पडतात. मान जाड असेल, जीभ मागे पडत असेल, तर श्वास ओढताना भिंती एकमेकींना चिकटतात. छाती ओढत राहते, वारा येत नाही. तुम्हाला छाती हलताना दिसते ना, ते हेच. मग ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून हाक मारतो, स्नायू ताठ होतात, आचका. माणूस क्षणभर जागा होतो आणि सकाळी त्याला आठवतही नाही. रात्रभर असं शेकडो वेळा झालं तर नऊ तास झोपून काय उपयोग! आणि प्रत्येक हाकेला बीपी वर उडी मारतं. तुमच्या मिस्टरांची दुसरी गोळी कुठून आली, ते डॉक्टरांना विचारा.

उपाय एवढाच की सक्शनची डिलिव्हरी करायची. सीपॅप मशीन म्हणजे दुसरं काही नाही, नाकावाटे थोडा हवेचा दाब आत सोडायचा म्हणजे पाइप चपटा होत नाही. ऑक्सिजनचं मशीन नव्हे ते, आपली खोलीतलीच हवा. दाब तरी किती? माझा ११ सेंटीमीटर पाणी, म्हणजे अर्धी वीत उंचीच्या पाण्याचा. आमच्या ठिबकला याच्या शंभरेकपट लागतो. हे ज्याने शोधलं तो कॉलिन सलिव्हन नावाचा सिडनीचा डॉक्टर, १९८१ साली त्याने ते छापून जाहीर केलं, आणि सुरुवातीला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. शेतकऱ्याचीच अक्कल ती. ओढणारं यंत्र उलटं फिरवलं.

आता खरा मुद्दा. मशीन विकत घेतलं म्हणजे काम झालं असं नाही, पहिले तीन आठवडे म्हणजे निव्वळ कुस्ती. दुकानदाराने नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला. कडेने हवा सुटायची ती थेट डोळ्यात. मी पट्टे आवळले. जास्त आवळलं की मास्कची गादी वाकडी होते आणि अजून सुटते, हे मला कोणी सांगितलं नाही. रात्री तीनला काढून फेकायचो. चौथ्या दिवशी मशीन कपाटात. महिनाभराने डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड बघितलं, एकूण वापर ११ तास. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, मास्क बदलू, आणि दुपारी जागेपणी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसा. ते युक्तीचं निघालं. नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क मिळाला, सुरुवातीला दाब हळूहळू चढेल अशी सेटिंग केली, आणि एका रात्री सहा तास कधी गेले कळलंच नाही.

सकाळी उठलो तेव्हा वाटलं, लघवीला उठायचं राहून गेलं! उठलोच नव्हतो रात्रभर. श्वास अडकला की हृदयावर ताण येतो आणि शरीर जास्त लघवी करायला लागतं, हे नंतर समजलं. प्रोस्टेटच्या तपासणीचे पैसे गेले ते गेले.

नाशिककरांसाठी दोन गोष्टी. एक, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी. मशीनमध्ये हवा ओलसर करायला पाण्याची टाकी असते. ती ओली हवा थंड नळीतून येताना पाणी सुटतं आणि पहाटे नाकात गुळगुळ. मशीन डोक्यापेक्षा खाली, स्टुलावर ठेवा म्हणजे पाणी परत उतरतं, आणि नळीला लोकरीचा खोळ. माझ्या बायकोने जुन्या मफलरचा शिवून दिला. दोन, लाइट. इन्व्हर्टरवर चालतं, पण पाणी गरम करणारा भाग जास्त करंट खातो, तो बंद केला की बॅटरी पुष्कळ टिकते. पूर्ण लाइट गेली तर मास्कला भोकं असतात, जीव घुसमटणार नाही, पण काढून ठेवायचा. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी नको, मी चार दिवस घातलं आणि बोलणी खाल्ली.

मला मशीन ३८ हजारांना पडलं होतं, कोरोनाच्या आधी. आता चौकशी करा. आणि ताई, उपचार सुरू होऊन झोप सुधारेपर्यंत कसारा घाट बंद. तुम्ही बोलत राहून डुलकी थांबत नाही. कल्याणला ट्रेनने जा.

रात्रपाळीची_टेक्निशियन

मी नऊ वर्षं स्लीप लॅबमध्ये रात्री काढल्या आहेत. काकांचा पाइप आवडला, आता पेशंटना हाच सांगणार. काही दुरुस्त्या आणि थोडी भर.

मोजणी अशी: श्वास कमीत कमी दहा सेकंद थांबला की एक धरायचा. पूर्ण थांबलेले आणि अर्धवट अडलेले मिळून तासाला किती, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. स्टॉपवॉचवरून निदान होत नाही, पण वैशालीताईंनी पाहिलेलं वर्णन डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. जमलं तर दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवा, छातीसकट.

घरी की दवाखान्यात? जाड मान, बीपी, दिवसा झोप आणि साक्षीदार बायको, एवढं असेल तर घरची तपासणी बहुतेक वेळा पुरते. तिचा एक दोष लक्षात ठेवा. घरच्या मशीनला डोक्याच्या वायर नसतात, त्यामुळे माणूस झोपला होता की छताकडे बघत पडला होता हे कळत नाही. जागेपणाचे तासही भागाकारात येतात आणि आकडा खरा असेल त्याहून कमी दिसतो. म्हणून घरची तपासणी नॉर्मल आली आणि लक्षणं मात्र ठळक असली, तर लॅबमध्ये पूर्ण रात्र करून घ्यावी. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार, पक्षाघात होऊन गेलेला, यांना सरळ लॅबच. त्यांच्यात कधी कधी घसा उघडा असतो आणि मेंदूच श्वासाची आज्ञा द्यायला विसरतो. तो प्रकार वेगळा, उपचारही वेगळा. लॅबमध्ये डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला, पायांना वायर लावतो. पेशंट म्हणतात, 'यात कोण झोपणार?' सगळे झोपतात. शिफ्टवाल्या माणसाने आपली कुठली पाळी चालू आहे ते आधी सांगावं, रात्रपाळी संपवून आलेला माणूस रात्री दहाला टक्क जागा असतो.

ऑपरेशनबद्दल. मुलांमध्ये टॉन्सिल-अॅडेनॉइड काढणं हा सहसा पहिला उपाय आणि पुष्कळदा त्यावर भागतं. मोठ्या माणसाची पडजीभ आणि मऊ टाळू कापण्याचं ऑपरेशन असतं, पण घसा कुठे चिकटतो ते आधी बघावं लागतं. जीभ मागे पडत असेल तर टाळू कापून काय होणार? काहींचं घोरणं जातं आणि श्वास थांबणं राहतं. हा सगळ्यात वाईट सौदा, कारण मग बायकोलाही कळत नाही. सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा जरा पुढे धरून ठेवणारी, मापाने बनवलेली दातांवरची पट्टी चालते. काहींना फक्त उताणं झोपल्यावरच होतं, त्यांना कुशीवर झोपण्याची सवय लावली तरी मोठा फरक पडतो. वजन उतरवलं की आकडा उतरतो, हे नक्की. टिर्झेपटाइड या इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र स्लीप अॅप्नियासाठी मान्यता मिळाली. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीचं औषध आहे, मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं नाही.

आणि संध्याकाळचा पेग. आपल्या गावाला वाइनचं कौतुक आहे, पण दारूने घशाचे स्नायू आणखी सैल होतात. पार्टीच्या रात्रीचा ग्राफ वेगळा ओळखू येतो.

'जन्माचं' म्हणाल तर मशीनचं व्यसन लागत नाही. चष्म्यासारखं समजा. पण कपाटातला चष्मा दिसायला मदत करत नाही. २०१६ मध्ये अडीच हजारांहून जास्त हृदयरुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात मशीनने हार्ट अॅटॅक-पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत. लोक रात्री सरासरी साडेतीन तासही वापरत नव्हते. दिवसाची झोप, मूड मात्र सुधारला. त्यामुळे मशीन लावलं की हृदय सुरक्षित, असं मी कुणाला सांगत नाही. गाडी चालवताना जागे राहाल, हे सांगते.

पंचवटीचा_पप्पू

बरं, तूप मागे घेतो. पण शंख वाजवून घोरणं जातं हे पेपरात आलं होतं, ते तरी खरं की नाही? रामकुंडावर रोज आरतीला वाजवणारे आमचे मित्र आहेत, म्हणून विचारलं.

रात्रपाळीची_टेक्निशियन

खरं आहे, पण आकार बघा. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये छापलं, ३० पेशंट, मध्यम आजाराचे, सहा महिने. त्यातल्या साधारण निम्म्यांना आठवड्यात पाच दिवस पंधरा-पंधरा मिनिटं शंख. त्यांचे श्वास थांबण्याचे प्रसंग तासाला चार-पाचने कमी झाले. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियन आदिवासींचं डिजेरिडू हे वाद्य वाजवायला लावून असंच काहीसं दिसलं होतं, २५ जणांवर. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, त्यामुळे पटण्यासारखं आहे. पण ज्याचा आकडा ४७ आहे त्याचे चार-पाच गेले तर ४२-४३ राहतात. मित्रांना म्हणावं वाजवा, आणि घोरत असाल तर तपासून घ्या.

निवृत्त_बाई_नाशिकरोड

हा पुरुषांचा आणि जाड माणसांचा आजार आहे असं सगळीकडून ऐकून माझी सहा वर्षं फुकट गेली, म्हणून लिहिते. माझं वजन ५४ किलो. घोरणं जेमतेम. तक्रार काय, तर सकाळी डोकं दुखतं, रात्री सारखी जाग येते, दिवसभर गळून गेल्यासारखं. पाळी गेल्यानंतर सुरू झालं. एका डॉक्टरांनी पाळीवर ढकललं, दुसऱ्यांनी 'रिटायरमेंटचं मनाला लावून घेतलंत' म्हणून झोपेची गोळी दिली. त्या गोळीने सकाळी आणखी वाईट वाटायचं. स्नायू सैल करणारी गोळी होती, हे पुढे कळलं. शेवटी थायरॉइडसाठी गेले, तिथल्या बाईंनी तोंड उघडायला सांगितलं, माझी मागे गेलेली हनुवटी बघितली आणि तपासणी लिहून दिली. आकडा १९. दातांची पट्टी वापरते, दोन वर्षं झाली. सकाळी जबडा थोडा दुखतो, तासाभरात जातो. पाळी गेलेल्या मैत्रिणींनो, नवरा गाढ झोपणारा असेल तर तुमचा साक्षीदार कोणी नाही, एवढं लक्षात ठेवा.

वैशाली_पाथर्डीफाटा

नमस्कार, मी वैशालीचा नवरा लिहितोय, तिच्याच लॉगिनवरून. पहिली तक्रार अशी की माझं रेकॉर्डिंग रविवारी जेवताना आईसमोर लावलं गेलं. आई घास हातात धरून ऐकत होती, आणि मी मधेच गप्प झालो तेव्हा ती स्वतः श्वास धरून बसली. मग म्हणाली, 'तुझ्या बाबांचं हे असंच व्हायचं. मी समजायची, आता शांत झोप लागली.' पुढे कोणी जेवलं नाही.

तर घरी तपासणीची नोंद केली आहे, गुरुवारची, तेव्हा माझी पहिली पाळी आहे. तो आठ प्रश्नांचा कागद भरला, माझ्या मते ९, वैशालीच्या मते १५. कल्याणला या महिन्यात पंचवटी एक्सप्रेसने. दिंडोरीचे काका, एकच विचारायचं राहिलं. माझी मिशी भरघोस आहे, वडिलांच्या वळणाची. मास्कसाठी काढावी लागते का?

द्राक्षवाला_दिंडोरी

दाजी, मिशी राहू द्या. माझीही आहे. नाक पूर्ण झाकणारा मास्क वरच्या ओठावर टेकतो, तिथून मिशीवाल्याची हवा सुटते. नाकपुडीत बसणाऱ्या दोन बोंडांचा मागा, पिलो मास्क म्हणतात. वरच्या कडेचे केस तेवढे बारीक ठेवा, मिशीचे आकडे तसेच. आणि दुकानात नुसता बसून बघू नका, आडवं होऊन, कुशीवर वळून बघा. दुकानदार काय म्हणेल त्याची लाज धरू नका, मी तर तिथे वीस मिनिटं झोपलो होतो.